मागच्या पानावरची माणसं

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांचं त्रैमासिक छापखान्यातून आलं की आम्हा तिघाचौघा विद्यार्थ्यांना सांगावा यायचा. पडवीत सतरंजी अंथरलेली असे, मध्ये खळीचं भांडं, एका बाजूला अंकांचा गठ्ठा, दुसऱ्या बाजूला पत्ते लिहिलेल्या कागदी पट्ट्या. अंक गुंडाळायचा, पट्टी चिकटवायची, तिकीट लावायचं. दीडदोनशे अंक उरकेपर्यंत दिवेलागण होऊन जायची. या कामात अंक वाचायला काही मिळत नाही. दिसतं ते फक्त शेवटचं पान, कारण गुंडाळताना तेच हाताखाली येतं. त्या पानावर 'या अंकाचे लेखक' असायचे, प्रत्येकाला दोन ओळी. सर त्या ओळी स्वतः लिहायचे आणि पदव्या कापायचे. 'माणूस पोटासाठी काय करतो ते लिहा, बाकी लेखात कळेलच,' असं म्हणायचे. तेव्हापासून नियतकालिक मागून वाचायची खोड मला लागली आणि ती अजून सुटलेली नाही.

आजच्या पत्रिकेत विषय भारदस्त छापला आहे: 'अमेरिकेतील हिस्पॅनिक समाजाचे उच्च शिक्षण आणि नियतकालिके'. भारदस्तपणा संयोजकांचा आहे. मी आपलं मागचं पान उघडून बसणार आहे. या समाजाच्या दोन नियतकालिकांत कोण लिहीत होतं, पोटासाठी काय करत होतं, आणि पुढं त्यांचं काय झालं, एवढंच सांगणार आहे.

मी स्पॅनिशचा मास्तर. वर्ध्याकडचा असल्यामुळं त्या भाषेकडे मला ओढलं ते पांडुरंग खानखोज्यांनी. गदर चळवळीतला हा वर्ध्याचा क्रांतिकारक १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोचला, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाला, मक्याच्या वाणांवर त्यानं काम केलं आणि तिथल्या शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरानं त्याला भित्तिचित्रात रंगवलं. आमच्या लहानपणी ही गोष्ट सांगणारी म्हातारी माणसं होती. खानखोजे नागपुरात वारले ते १९६७ साली. त्याच वर्षी मेक्सिकोच्या सीमेपलीकडे, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत, मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे ते पहिलं नियतकालिक निघालं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध काही नाही, योगायोग आहे. पण माझ्या वहीत ते एकाच पानावर आहेत.

त्या नियतकालिकाकडे जाण्याआधी एका घोडीची गोष्ट.

१२ जून १९०१. टेक्सासमधल्या कार्न्स काउंटीत ग्रेगोरिओ कोर्तेस नावाचा शेतकरी आपल्या भावाबरोबर राहत होता. घोडेचोराचा माग काढत तिथला शेरिफ मॉरिस त्याच्या दारात आला. बरोबर दुभाषा होता, आणि दुभाष्याची स्पॅनिश बेताची होती. त्यानं विचारलं, इतक्यात तू कुणाशी 'काबायो'ची अदलाबदल केलीस का? कोर्तेस म्हणाला, नाही. खरंच होतं ते. त्यानं अदलाबदल केली होती 'येग्वा'ची. काबायो म्हणजे घोडा, येग्वा म्हणजे घोडी. इंग्रजीत दोन्ही 'हॉर्स'मध्ये मावतात. तुम्हाआम्हाला यात समजावून सांगण्यासारखं काहीच नाही, आपल्याकडे घोडीला घोडा म्हटलं तर शाळकरी पोरगंही हसेल. पण शेरिफला दुभाष्याकडून कळलं ते असं, की हा माणूस खोटं बोलतोय. पुढचं बोलणंही तसंच उलटंसुलटं पोचलं. शेरिफनं पिस्तूल काढलं, भाऊ जखमी झाला, कोर्तेसनं उलट गोळी झाडली आणि शेरिफ मेला. त्यानंतर दहा दिवस शेकडो माणसं त्याच्या पाठीवर होती आणि हा घोड्यावरून आणि पायी शेकडो मैल पळत होता. पकडला गेला, खटले चालले, जन्मठेप झाली. १९१३ मध्ये गव्हर्नरनं त्याला माफी दिली.

त्याच्यावर लोकांनी 'कोर्रिदो' रचले. कोर्रिदो म्हणजे त्यांचा पोवाडा, फक्त डफाऐवजी गिटार. सीमेवरच्या गावागावांत तो गायला जाई. इंग्रजी इतिहासाच्या पुस्तकांत मात्र कोर्तेस दरोडेखोर होता आणि त्याच्या मागावरचे टेक्सास रेंजर वीर होते.

हा पोवाडा अभ्यासाला घेतला अमेरिको पारेदेस यांनी. जन्म १९१५, गाव ब्राउन्सव्हिल, अगदी सीमेवरचं. ऐन उमेदीत वर्तमानपत्रात काम केलं. महायुद्धानंतर जपानमध्ये अमेरिकी सैन्याच्या वृत्तपत्रासाठी तोक्योच्या युद्धगुन्हेगारांच्या खटल्यांच्या बातम्या पाठवल्या. पस्तिशीत परत येऊन टेक्सास विद्यापीठात पदवीपासून सुरुवात केली आणि १९५६ ला डॉक्टरेट घेतली. १९५८ मध्ये कोर्तेसच्या पोवाड्यावरचं त्यांचं पुस्तक विद्यापीठाच्या प्रकाशनानं काढलं. सांगतात की एका निवृत्त रेंजरनं प्रकाशन संस्थेत फोन करून लेखकाचा पत्ता मागितला होता, गोळी घालायला. पुस्तकाचा खप सुरुवातीला अगदीच कमी होता. दहा वर्षांनी विद्यार्थी चळवळीच्या पोरांनी ते शोधून काढलं, तेव्हा कुठं ते चाललं.

पारेदेसांचा आणखी एक लेख मला फार आवडतो. तो नंतरचा, १९७७ चा. मानववंशशास्त्रज्ञ दक्षिण टेक्सासात येऊन मेक्सिकन वस्त्यांत राहिले, नोंदी घेतल्या, ग्रंथ लिहिले. पारेदेसांनी ते ग्रंथ भाषेच्या अंगानं तपासले. त्यांना दिसलं की वस्तीतल्या माणसांनी पाहुण्याची चेष्टा केली होती, थापा मारल्या होत्या, रंगवून सांगितलं होतं, द्व्यर्थी बोलले होते, आणि पाहुण्यानं ते सगळं गंभीरपणे टिपून घेतलं होतं. कट्ट्यावरची टवाळी ग्रंथात 'मूल्यव्यवस्था' होऊन बसली होती. खेड्यात सर्वेक्षणाला आलेल्या शहरी बाबूला आपली माणसं काय काय सांगतात हे ज्यानं ऐकलंय, त्याला हा लेख वाचताना हसू आवरत नाही. पारेदेस हसत नाहीत. फार सभ्यपणे, एकेक वाक्य उलगडत जातात, आणि त्या सभ्यपणानंच समोरचा गार होतो.

इतकं सभ्य नसलेला माणूस म्हणजे ओक्ताव्हियो रोमानो.

रोमानो मेक्सिको सिटीत जन्मले, १९२३ साली, आणि कॅलिफोर्नियात सीमेलगतच्या नॅशनल सिटी गावात वाढले. बर्कलीत मानववंशशास्त्र शिकले. डॉन पेद्रितो हारामियो नावाच्या लोकवैद्यावर, ज्याला सीमेवरचे लोक संतच मानतात, त्यांनी प्रबंध लिहिला. पुढं बर्कलीतच सार्वजनिक आरोग्याच्या विभागात शिकवू लागले. मधल्या काळात त्यांनी दक्षिण टेक्सासातल्या एका मोठ्या संशोधन प्रकल्पात क्षेत्रकार्य केलं होतं. त्या प्रकल्पाचे प्रमुख होते विल्यम मॅडसन. मॅडसन यांचं पुस्तक १९६४ मध्ये आलं. त्यात मेक्सिकन-अमेरिकन माणूस दैवावर हवाला ठेवणारा, उद्याचा विचार न करणारा, पुरुषीपणात अडकलेला, शिकण्याबद्दल उदासीन असा दिसतो. हे पुस्तक महाविद्यालयांत लावलं गेलं. म्हणजे स्थलांतरित शेतमजुराचा जो एखादा मुलगा कसाबसा कॉलेजात पोचला, त्याला वर्गात बसून आपल्या बापाबद्दल हे वाचायचं होतं, आणि परीक्षेत लिहायचं होतं.

ज्या प्रकल्पात आपण स्वतः वही घेऊन फिरलो, त्याच्याच निष्कर्षांवर उलटून लिहायचं, तर छापणार कोण? ज्या शोधपत्रिकांत असे लेख छापून येतात त्यांच्या संपादक मंडळांवर ज्यांच्यावर लिहायचं तेच लोक, किंवा त्यांचे गुरू. तेव्हा रोमानोंनी निक वाका आणि काही विद्यार्थ्यांना घेऊन स्वतःचंच त्रैमासिक काढलं. नाव 'एल ग्रितो', म्हणजे आरोळी. १६ सप्टेंबर १८१० ला दोलोरेस गावात मिगेल इदाल्गो या धर्मगुरूनं स्पेनविरुद्ध जी हाक दिली, ती मेक्सिकोत 'ग्रितो' म्हणूनच ओळखली जाते. प्रकाशनाचं नाव 'किंतो सोल', पाचवा सूर्य. आस्तेकांच्या कल्पनेत जग चारदा बुडालं आणि आपण पाचव्या सूर्याच्या युगात आहोत. पहिला अंक १९६७ च्या शरद ऋतूत आला.

तुमच्यातल्या काहींच्या मनात आत्ता त्याच सुमाराचं, औरंगाबादेहून निघालेलं एक मराठी नियतकालिक आलं असेल. ते मनात राहू द्या. मी ती तुलना करणार नाही, कारण ती केली की दोन्हीकडचा तपशील पळून जातो आणि आपल्याला उगाच काहीतरी समजल्यासारखं वाटतं.

रोमानोंचा गाजलेला लेख १९६८ चा. एकेक ग्रंथ घेऊन त्यांनी दाखवलं की या विद्वानांनी एका समाजाला इतिहासच ठेवलेला नाही. माणसं जणू झोपलेली, परंपरेच्या गोधडीखाली. मग रोमानो यादी वाचतात संपांची: १८८३ मध्ये गुराख्यांचा संप, १९०३ मध्ये ऑक्सनार्डला बीटच्या शेतमजुरांचा संप, १९३० च्या दशकात कापसाच्या शेतांतले संप. झोपलेली माणसं एवढे संप कसे करतात, एवढाच त्यांचा सवाल. लेखात राग भरपूर आहे आणि काही ठिकाणी तो सैल सुटला आहे. पण ती संपांची यादी आजही वाचावी. निक वाका हे तेव्हा समाजशास्त्राचे विद्यार्थी, पुढं वकील झाले. त्यांनी १९७० मध्ये दोन भागांत हेच काम सामाजिक शास्त्रांच्या बाबतीत केलं. समाजकार्याचा अभ्यास करणाऱ्या मिगेल मोंतिएल यांनी 'मेक्सिकन कुटुंब' या विद्वानांच्या लाडक्या कल्पनेची उलटतपासणी केली.

हे एवढंच असतं तर 'एल ग्रितो' विद्वानांच्या भांडणाचं पत्रक झालं असतं. पण त्याच अंकांत कविता होत्या, कथा होत्या, चित्रांची पानं होती. मजकूर कधी इंग्रजीत, कधी स्पॅनिशमध्ये, कधी एकाच वाक्यात दोन्ही. शेवटच्या प्रकाराला शुद्धलेखनवाले स्पॅनिश शिक्षक नाक मुरडतात. मीही तरुणपणी मुरडायचो. नागपुरात आमच्या घरी एकाच वाक्यात मराठी आणि हिंदी नांदत होत्या, तरी मुरडायचो.

१९७० मध्ये किंतो सोलनं साहित्याचं पारितोषिक ठेवलं, एक हजार डॉलरचं. पहिल्या वर्षीचं पारितोषिक मिळालं तोमास रिव्हेरा यांना.

इथं मला जरा रेंगाळायचंय. रिव्हेरांचा जन्म १९३५ चा, टेक्सासातल्या क्रिस्टल सिटीचा. हे गाव पालक पिकवतं. गावात कार्टूनमधल्या पालकखाऊ 'पॉपाय'चा पुतळा आहे, १९३७ पासून, पालकाच्या कृतज्ञतेनं. गावातली बहुतेक माणसं मेक्सिकन, आणि वसंत आला की त्यांतली निम्मी घरं कुलूप लावून उत्तरेला निघत. आयोवा, मिनेसोटा, बीट खुरपायला, भाजी तोडायला. आपल्याकडे ऊसतोडीला टोळ्या निघतात तसं, फक्त ट्रकचा प्रवास हजार-दीड हजार मैलांचा. मुलांची शाळा एप्रिलमध्ये सुटे आणि थंडीत परत लागे. रिव्हेरा कॉलेजात जायला लागल्यावरही काही वर्षं उन्हाळ्यात शेतावर जात होते. आयोवातल्या एका ग्रंथपाल बाईंनी या पोराला पुस्तकं दिली, ही गोष्ट पुढं पॅट मोरा यांनी मुलांसाठी लिहिली. ते चित्रपुस्तक आता अमेरिकेतल्या शाळांत वाचलं जातं.

रिव्हेरा १९५८ ला पदवीधर झाले, शाळामास्तर झाले, क्रिस्टल सिटीतही शिकवलं, १९६९ ला ओक्लाहोमा विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात क्रिस्टल सिटीच्या हायस्कुलात मुलांनी शाळेवर बहिष्कार घातला. कारण ऐकून तुम्ही हसाल: चिअरलीडर. चार चिअरलीडरांपैकी मेक्सिकन मुलगी एकच असायची, शाळेतली बहुसंख्य मुलं मेक्सिकन असूनही. त्या बहिष्कारातून 'ला रासा उनिदा' नावाचा राजकीय पक्ष उभा राहिला आणि त्यानं गावची सत्ता घेतली. गावच्या शाळेत हे घडलं त्याच सुमारास गावचा हा जुना मास्तर एक छोटी कादंबरी पारितोषिकासाठी पाठवत होता.

ती कादंबरी 'इ नो से लो त्रागो ला तिएर्रा', म्हणजे 'आणि धरणीनं त्याला गिळलं नाही', १९७१ मध्ये छापली गेली. एका बाजूला स्पॅनिश, दुसऱ्या बाजूला एर्मिनियो रिओस यांचं इंग्रजी. मुख्य गोष्टी बारा, वर्षाचे महिने बारा तशा, आणि पुढंमागं एक चौकट. वाक्यं आखूड, कोण बोलतंय ते बऱ्याचदा सांगितलेलंच नाही. एक मुलगा उन्हात राबणाऱ्या बापाची आणि आजारी भावाची अवस्था पाहून देवाला शिवी देतो आणि वाट बघत उभा राहतो की आता धरणी दुभंगेल. ती दुभंगत नाही. शीर्षकाचा अर्थ एवढाच.

दुसऱ्या वर्षीचं पारितोषिक न्यू मेक्सिकोतले शाळामास्तर रुदोल्फो अनाया यांना. त्यांची 'ब्लेस मी, अल्तिमा' पूर्वेकडच्या मोठ्या प्रकाशकांनी परत पाठवली होती. किंतो सोलनं ती १९७२ मध्ये छापली आणि ती आजवर खपते आहे. तिसऱ्या वर्षीचं रोलान्दो इनोहोसा यांना. त्यांना पुढं १९७६ मध्ये क्यूबाचं 'कासा दे लास आमेरिकास' पारितोषिक मिळालं. पहिली तिन्ही पारितोषिकं पुरुषांना गेली. अंकांतलं लेखनही बहुतांशी पुरुषांचं होतं, आणि त्यांना ते खटकत होतं असं अंक वाचून वाटत नाही. एल पासोच्या एस्तेला पोर्तियो यांचं नाटक १९७१ मध्ये छापलं. सप्टेंबर १९७३ मध्ये त्यांच्याच संपादनाखाली स्त्रियांच्या लेखनाचा आणि कलेचा एक अंक निघाला. सहा वर्षांत एक. १९७४ मध्ये 'एल ग्रितो' बंद पडलं.

आता मागचं पान पुन्हा उघडा. रिव्हेरा १९७१ मध्ये सॅन अँटोनियोच्या नव्या विद्यापीठात गेले, १९७६ मध्ये तिथं उपाध्यक्ष झाले, मग एल पासोत आणि १९७९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड संकुलाचे चॅन्सेलर. वय ४३. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सगळ्या संकुलांत मेक्सिकन वंशाचा चॅन्सेलर होण्याची ही पहिलीच वेळ. अनाया न्यू मेक्सिको विद्यापीठात प्राध्यापक झाले. इनोहोसा टेक्सास विद्यापीठात शिकवू लागले. मोंतिएल ॲरिझोनात प्राध्यापक. ज्यांना छापायला कुठली शोधपत्रिका तयार नव्हती ते दहा-पंधरा वर्षांत विद्यापीठांच्या खुर्च्यांवर होते. नियतकालिकानं हे घडवलं असं मी म्हणणार नाही. विद्यार्थ्यांचे संप, सान फ्रान्सिस्को स्टेटचा, बर्कलीचा, न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात पोर्तो रिकन आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी १९६९ मध्ये इमारती ताब्यात घेतल्या तो, यांनी विद्यापीठांची दारं हलवली. पण दार उघडल्यावर आत जायला नाव असलेली, छापलेली माणसं हाताशी हवी होती, आणि ती 'एल ग्रितो'च्या शेवटच्या पानावर होती.

दरम्यान सरकारनं या सगळ्यांना एक नवं नाव दिलं. पारेदेस स्वतःला मेक्सिकन म्हणत, चळवळीतली पोरं चिकानो, न्यूयॉर्कातले लोक पोर्तो रिकन. १९१७ पासून हे पोर्तो रिकन जन्मानंच अमेरिकी नागरिक आहेत, हे बऱ्याच अमेरिकनांनाही ठाऊक नसतं. या सगळ्यांना एका रकान्यात बसवायचं ठरलं. १९७० च्या जनगणनेत पाच टक्के घरांना मूळ विचारलं, त्यात एक पर्याय होता 'मध्य किंवा दक्षिण अमेरिकन'. अमेरिकेच्या मध्य भागातल्या आणि दक्षिणेतल्या अनेक गोऱ्या लोकांनी त्यावर इमानेइतबारे खूण केली. पुन्हा घोडा आणि घोडी. १९७६ मध्ये कायदा झाला, १९७७ मध्ये सरकारी व्याख्या ठरली, आणि १९८० च्या जनगणनेत सगळ्यांना 'स्पॅनिश किंवा हिस्पॅनिक मूळ' विचारलं गेलं. ज्यांनी चिकानो या शब्दासाठी मार खाल्ला होता त्यांना हिस्पॅनिक हा शब्द कारकुनी वाटला, आणि तो तसा आहेच. पण अनुदान मागायचं तर कारकुनाची भाषा बोलावी लागते. १९८६ मध्ये सॅन अँटोनियोत १८ महाविद्यालयांनी मिळून हिस्पॅनिक महाविद्यालयांचा संघ काढला. १९९२ मध्ये त्यांचा प्रकार कायद्यात आला. पूर्णवेळाच्या हिशेबानं पदवीचे किमान २५ टक्के विद्यार्थी हिस्पॅनिक असले की ती संस्था त्यात मोडते. कृष्णवर्णीयांची महाविद्यालयं त्या हेतूनं स्थापन झालेली असतात, इथं मात्र संस्था हळूहळू तशी होत जाते, कधी व्यवस्थापनाला पत्ताही नसताना. आज अशा संस्था ६०० च्या आसपास आहेत.

आणि या काळाचं नियतकालिक म्हणजे 'द हिस्पॅनिक आउटलुक इन हायर एज्युकेशन', १९९० मध्ये न्यू जर्सीत सुरू झालेलं. आरोळी नाही, 'दृष्टिकोन'. भाषा इंग्रजी. गुळगुळीत कागद. कुठल्या शंभर महाविद्यालयांनी हिस्पॅनिक विद्यार्थ्यांना सर्वाधिक पदव्या दिल्या, याची यादी दरवर्षी. पहिल्यांदा हाती आलं तेव्हा मी तुच्छतेनं चाळलं, हे कबूल करतो. मग सवयीनं मागून उघडलं.

मागच्या बाजूला पानंच्या पानं नोकरीच्या जाहिराती होत्या. सहायक प्राध्यापक, ग्रंथपाल, डीन, अध्यक्ष. विद्यापीठांना दाखवावं लागत होतं की आम्ही या समाजापर्यंत जाहिरात पोचवली, आणि ती पोचवायला हे पान होतं. काही विद्यापीठं केवळ दाखवण्यापुरती जाहिरात देत असतील. दिली तरी ती छापून येत होती आणि कुठल्यातरी गावातल्या मुलीला दिसत होती. त्या जाहिरातींच्या पैशावर बाकीचा अंक उभा होता.

आणि लेखक कोण? गुस्ताव्हो मेलँडर बरीच वर्षं स्तंभ लिहीत होते. पनामाच्या इतिहासाचे अभ्यासक, न्यू जर्सीत आणि पुढं कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजांचे प्रमुख. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं, स्वस्त, रात्रीही वर्ग भरणारं. हिस्पॅनिक विद्यार्थ्यांची फार मोठी संख्या तिथंच शिकते, आणि प्रतिष्ठित नियतकालिकांत त्यांच्याबद्दल अक्षर नसतं. कार्लोस कोंदे हे जुने वार्ताहर, निक्सनच्या काळात व्हाइट हाउसमध्ये माध्यमांचं काम पाहिलेले. वॉशिंग्टनहून पेगी सँड्स ऑर्चोस्की लिहायच्या, ज्यांनी १९६५ च्या स्थलांतर कायद्यावर पुस्तक लिहिलं आहे. ही माणसं रोमानोंच्या मंडळींहून अगदी वेगळी. यांच्या लेखांत विद्यार्थी गळती, शिष्यवृत्तीचे अर्ज, उन्हाळी अभ्यासक्रम, कुठल्या कॉलेजानं पालकांसाठी स्पॅनिशमध्ये माहितीपत्रक काढलं, असले विषय. वाचायला रटाळ. पण गळती कशी थांबते याबद्दल कुणीतरी पंधरवड्याला लिहीत राहणं, हे आरोळी ठोकण्यापेक्षा कमी दर्जाचं काम आहे असं मला आता वाटत नाही. स्पॅनिश गेली याची चुटपुट मात्र आहे. उच्च शिक्षणात वर चढता चढता भाषा खालच्या पायरीवर राहिली.

हिस्पॅनिक महाविद्यालयांच्या या व्यवस्थेचंही पुढं काय होईल, कुणी सांगावं. २०२५ च्या जूनमध्ये टेनेसी राज्यानं या २५ टक्क्यांच्या निकषाविरुद्ध खटला दाखल केला आणि सप्टेंबरमध्ये शिक्षण खात्यानं अशा संस्थांची ऐच्छिक अनुदानं थांबवत असल्याचं जाहीर केलं.

मला शेवटी रिव्हेरांकडे परत यायचंय, कारण एक भांडण सांगायचं राहिलं.

१९८२ मध्ये रिचर्ड रॉड्रिगेझ यांचं आत्मकथन आलं, 'हंगर ऑफ मेमरी'. सॅक्रामेंटोतलं मेक्सिकन कुटुंब. शाळेतल्या नन्स घरी आल्या आणि म्हणाल्या, घरात इंग्रजी बोला. आईवडिलांनी ऐकलं. मुलगा इंग्रजीत चमकला आणि घर गप्प झालं. तो स्टॅनफर्डला गेला, बर्कलीत इंग्रजी साहित्यात संशोधन केलं, आणि अल्पसंख्य म्हणून चालून आलेल्या विद्यापीठांच्या नोकऱ्या त्यानं नाकारल्या. पुस्तकाचं म्हणणं असं, की सार्वजनिक माणूस व्हायचं तर घरची भाषा सोडावीच लागते. द्विभाषिक शिक्षणाला विरोध, राखीव संधींना विरोध. पुस्तक फार सुंदर लिहिलेलं आहे, आणि म्हणूनच त्याचं दुखणं जास्त. ज्यांना हिस्पॅनिक विद्यार्थ्यांवर पैसा खर्चायचा नव्हता त्यांना ते फार आवडलं.

चॅन्सेलर रिव्हेरांनी त्यावर लेख लिहिला. त्या पदावरच्या माणसाला अर्थसंकल्प, इमारती, देणगीदार यांतून सवड कुठून? रिव्हरसाइडच्या पाच वर्षांत त्यांनी लिहिलं ते बहुतेक शिक्षणाबद्दल. दुसरी कादंबरी अर्धी राहिली. या लेखात आकडे नाहीत, धोरण नाही. मुद्दा उभा आहे तो व्याकरणावर. स्पॅनिशमध्ये 'असणे' या अर्थाची दोन क्रियापदं आहेत, 'सेर' आणि 'एस्तार'. मराठीत 'मी मास्तर आहे' आणि 'मी दमलोय' या दोन्हींना 'आहे' चालतं. स्पॅनिशमध्ये पहिलं सेर, दुसरं एस्तार. जे तुमच्या आत आहे ते सेर, ज्या अवस्थेत किंवा ठिकाणी तुम्ही आहात ते एस्तार. रिव्हेरांचं म्हणणं थोडक्यात असं, की रॉड्रिगेझ यांना सगळा माणूस एस्तारमध्ये दिसतो, बाहेरच्या जगात, इंग्रजीत. घर, बाप, स्पॅनिश हे सगळं सेर त्यांनी एका खोलीत कोंडून दार लावून घेतलं.

चाळीस वर्षं मी ही दोन क्रियापदं फळ्यावर लिहिली. हा लेख वाचेपर्यंत त्यांचा असा उपयोग होईल हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

लेख १९८४ च्या हिवाळी अंकात छापून आला, अमेरिकेतल्या बहुवांशिक साहित्याला वाहिलेल्या एका शोधपत्रिकेत. रिव्हेरा त्याच वर्षी १६ मे रोजी हृदयविकारानं गेले होते, वय ४८. रिव्हरसाइडच्या ग्रंथालयाला आता त्यांचं नाव आहे.

वर्गात दरवर्षी एखादा हुशार विद्यार्थी एक प्रश्न विचारतोच. सर, एस्तार जर अवस्थेसाठी, बदलणाऱ्या गोष्टींसाठी, तर 'तो मेलेला आहे' याला स्पॅनिश लोक एस्तार का लावतात? मेलेला माणूस परत थोडाच बदलणार आहे? याला व्याकरणाचं उत्तर आहे, ते मी सांगतो, पोरांचं त्यानं समाधान होत नाही. मग मी फळ्यावर तोमास रिव्हेरांचं नाव लिहून दोन वाक्यं लिहितो. मेलेला आहे: एस्तार. त्याच्या खाली, लेखक आहे: सेर.